कादंबरी एक, संहिता अनेक: वाचकांची मतं पारखून योग्य आवृत्ती कशी निवडावी

एकाच अभिजात कादंबरीबद्दल दोन मतं एकाखाली एक दिसतात. एक म्हणतं, "रटाळ, अर्ध्यात सोडली." दुसरं म्हणतं, "दोन रात्री झोपलो नाही." मग आपण काय करतो? ताऱ्यांची सरासरी बघतो, सगळ्यात स्वस्त प्रत मागवतो आणि पन्नासाव्या पानावर लेखकाला नावं ठेवत पुस्तक मिटतो. त्या दोघांनी एकच मजकूर वाचला होता का, हे विचारायचं मात्र राहून जातं.

हा घोटाळा किती जुना आहे बघा. हर्मन मेलव्हिलची कादंबरी ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडनला 'द व्हेल' या नावाने निघाली, आणि त्या आवृत्तीत शेवटचा छोटासा उपसंहार छापायचाच राहिला. जहाज बुडालं, माणसं बुडाली, मग ही गोष्ट सांगतोय कोण, असं विचारत तिथल्या काही परीक्षकांनी लेखकालाच धारेवर धरलं. महिनाभरात न्यूयॉर्कला 'मोबी डिक' निघाली. तिच्यात तो उपसंहार होता आणि निवेदक कसा वाचतो तेही होतं. (शेवट फोडल्याबद्दल माफी असावी. प्रस्तावनांबद्दल खाली जे लिहिलं आहे, ते मलाही लागू.)

मत वाचण्याआधी ते कोणत्या संहितेवरचं आहे हे ठरवायचं. सगळी पद्धत या एका सवयीवर उभी आहे, पण क्रम चुकला की ती कामाची राहत नाही. म्हणून टप्प्याटप्प्याने जाऊ.

## पूर्वतयारी: चार शब्द वेगळे करा

आपल्याकडे 'आवृत्ती' हा शब्द फार सैल वापरला जातो. "बारावी आवृत्ती" असं छापलेलं असतं, पण आत पहिल्या आवृत्तीचाच मजकूर बाराव्यांदा छापलेला असतो. ते खरं तर पुनर्मुद्रण. मजकुरात, टिपांत किंवा संपादनात बदल झाला, तरच ती नवी आवृत्ती.

संहिता म्हणजे प्रत्यक्ष मजकूर: कुठल्या वर्षीचा, कुणी पक्का केलेला. प्रत म्हणजे हातातली वस्तू: कागद, बांधणी, अक्षराचा आकार. आणि अनुवाद म्हणजे अनुवादच. 'रूपांतर', 'स्वैर अनुवाद', 'संक्षिप्त', 'कथासार' हे शब्द मुखपृष्ठावर बारीक अक्षरात असले, तरी त्यांचा अर्थ बारीक नसतो. रूपांतरात पात्रांची नावं आणि गावं बदलू शकतात, संक्षिप्तात प्रकरणंच्या प्रकरणं जातात.

संक्षिप्त वाचण्यात कमीपणा काहीच नाही. ते संपूर्ण समजून वाचणं आणि मग मूळ कादंबरीवर मत देणं, एवढंच टाळायचं.

## टप्पा १: आपल्याला काय हवंय, ते आधी ठरवा

यावर फार वेळ घालवू नका. एका ओळीत लिहा: पहिल्यांदाच वाचतोय, पुन्हा वाचतोय, अभ्यासाला हवी आहे, मुलाला द्यायची आहे की प्रवासात ऐकायची आहे. पहिल्या वाचनाला दर पानावर टिपा असलेली जाडजूड आवृत्ती घेतली की दम लागतो. अभ्यासाला टिपा नसलेली घेतली, तर दुसरी विकत घ्यावीच लागते.

ऐकणार असाल तर मिनिटं बघा. टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस' इंग्रजीत पूर्ण ऐकायला ६० तासांच्या आसपास लागतात. २० तासांत संपणारी ध्वनिआवृत्ती मिळाली, तर ती वाचणारा घाईत नव्हता, मजकूर कापलेला आहे.

## टप्पा २: या कादंबरीच्या संहिता किती, ते शोधा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. मतं उघडण्याआधी दोनच प्रश्नांची उत्तरं मिळवा.

पहिला प्रश्न: लेखकाने स्वतः मजकूर बदलला का?

मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ मध्ये तीन खंडांत निघाली. १८३१ मध्ये लेखिकेने ती स्वतः बदलली आणि नवी प्रस्तावना जोडली. दोन्ही संहिता आजही विकल्या जातात, बहुतेकदा एकाच चित्राच्या मुखपृष्ठाखाली. ओळखायची कशी? एलिझाबेथ घरात कशी येते ते बघा. १८१८ मध्ये ती नायकाची आतेबहीण आहे. १८३१ मध्ये ती परक्या घरातून आणून वाढवलेली पोरकी मुलगी आहे. त्यामुळे एक वाचक "आतेबहिणीशी लग्न खटकलं" म्हणतो आणि दुसरा "कसली आतेबहीण?" विचारतो, तेव्हा दोघंही बरोबर असतात.

ऑस्कर वाइल्डची 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' १८९० मध्ये मासिकात आली तेव्हा १३ प्रकरणांची होती. १८९१ मध्ये पुस्तक झालं तेव्हा २० प्रकरणं झाली. इथे अनुक्रमणिका मोजली की काम झालं.

डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'ला दोन शेवट आहेत. पहिला त्याने एका लेखकमित्राच्या सांगण्यावरून बदलला, आणि तो लोकांसमोर आला थेट १८७४ मध्ये, त्याच्या चरित्रातून. चांगल्या आवृत्तीत हा पहिला शेवट परिशिष्टात असतो. "शेवट गुळगुळीत वाटला" असं मत दिसलं, तर त्या वाचकाला आणखी एक शेवट असल्याचं ठाऊक होतं का, हे त्याच्या मतातून कळतंय का ते बघा.

दुसरा प्रश्न: दुसऱ्या कुणी मजकुराला कात्री लावली का?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे अ‍ॅन ब्राँटेची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल'. कादंबरी १८४८ ची. १८५४ मध्ये निघालेल्या एका स्वस्त आवृत्तीत सुरुवातीचं पत्रच उडवलं होतं आणि आतही काटछाट होती. पुढे कित्येक प्रकाशकांनी तीच कापलेली संहिता डोळे मिटून छापली. तपासायला अर्धं मिनिट लागतं: पुस्तक हॅलफर्ड नावाच्या गृहस्थाला लिहिलेल्या पत्राने सुरू होतं का? होत नसेल तर ठेवून द्या.

तिच्या बहिणीच्या, एमिलीच्या 'वदरिंग हाइट्स'चं दुखणं निराळं. १८५० च्या आवृत्तीत शार्लटने, म्हणजे या दोघींच्या बहिणीने, जोसेफ या नोकराची बोली सौम्य केली. "जोसेफ काय बोलतो ते एक अक्षर कळलं नाही" अशी तक्रार करणाऱ्याच्या हातात बहुधा १८४७ ची संहिता असते. म्हणजे ती तक्रार त्या आवृत्तीची शिफारसही ठरू शकते.

थांबा आणि तपासा: या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर आली का? नसतील तर मतं उघडू नका. उघडलीत तर पहिल्या तीन मतांचा रंग डोक्यात बसेल आणि पुढची सगळी शोधाशोध त्याच रंगात होईल.

## टप्पा ३: अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव मिळवा

आधी माझी फजिती. ज्यूल व्हर्नची 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' मी इंग्रजीत वाचली, ती एका स्वस्त प्रतीतून. अनुवादकाचं नाव कुठेच नव्हतं आणि मला त्याची गरजही वाटली नव्हती. पाणबुडीचं पोलाद पाण्यापेक्षा हलकं असल्याचं त्यात छापलं होतं. मी पुढची कित्येक वर्षं ऐटीत सांगत होतो की व्हर्न रंजक आहे, पण विज्ञानात कच्चा. नंतर कळलं की मूळ फ्रेंचमध्ये पोलादाची घनता पाण्याच्या ७.८ पट आहे. १८७० च्या दशकातल्या लुईस मर्सियरच्या अनुवादात तिचं ०.७ ते ०.८ झालं. त्याच अनुवादात कादंबरीचा जवळजवळ चौथा हिस्सा गाळलेला आहे. कच्चा व्हर्न नव्हता, माझी प्रत होती.

हा अनुवाद ओळखायची खूण दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच सापडते. निवेदक नेब्रास्काहून परतलेला आहे. मूळात तिथल्या 'बॅडलँड्स'चा, म्हणजे झिजून उघड्या पडलेल्या ओसाड भूभागाचा उल्लेख आहे. मर्सियरने शब्दाला शब्द ठेवून त्याचा नेब्रास्काचा 'अप्रिय प्रदेश' केला. ही ओळ दिसली की पुढे वाचायची गरज नाही. हा अनुवाद स्वामित्वहक्कातून केव्हाच मुक्त झालेला असल्याने तो कुणीही छापू शकतं, आणि छापतात.

आता कामाचा क्रम:

१. अनुवादकाचं नाव शोधा. मुखपृष्ठ, आतलं शीर्षकपान, त्याच्या मागचं हक्कांचं पान, या क्रमाने.

२. अनुवादाचं वर्ष शोधा. छपाईचं वर्ष नव्हे. कालपरवा छापलेल्या पुस्तकात दीडशे वर्षांपूर्वीचा अनुवाद असू शकतो.

३. अनुवाद कुठल्या संहितेवरून केला ते बघा. बुल्गाकोव्हच्या 'द मास्टर अँड मार्गारिटा'चे दोन इंग्रजी अनुवाद १९६७ या एकाच वर्षी निघाले. मिरा गिन्सबर्गचा अनुवाद सोव्हिएत मासिकात कात्री लागून आलेल्या मजकुरावरून होता, मायकल ग्लेनीचा पूर्ण मजकुरावरून. वर्ष एकच असूनही पुस्तकं दोन. मराठी अनुवाद असेल तर तो मूळ भाषेतून आहे की इंग्रजीवरून, आणि इंग्रजीवरून असेल तर कुणाच्या, हे अनुवादकाच्या मनोगतात बहुधा सापडतं. मनोगत नसेल तर ती वाट बंद.

४. अनुवादकाने कोणता निर्णय घेतला आहे ते बघा. 'वॉर अँड पीस' फ्रेंच संवादाने सुरू होते. जुन्या कॉन्स्टन्स गार्नेटच्या अनुवादात ते फ्रेंच बहुतांशी इंग्रजीत आणलं आहे. २००७ च्या पेव्हियर आणि व्होलोखोन्स्की यांच्या अनुवादात फ्रेंच तसंच ठेवून अर्थ तळटिपांत दिला आहे. "सारखं खाली बघून मान दुखली" हे मत दुसऱ्या अनुवादाबद्दलच असणार. ह्यूगोच्या 'ल मिझराब्ल'चा नॉर्मन डेनीचा १९७६ चा अनुवाद घ्या. त्यात दोन लांबलचक विषयांतरं कथेतून उचलून शेवटी परिशिष्टात टाकली आहेत. तो वाचलेला माणूस "ओघ छान आहे" म्हणेल, तेव्हा त्याला दुसऱ्या अनुवादाचा वाचक वेड्यात काढेल.

इशारा: अनुवादकाचं नाव कुठेच नसेल, तर ती प्रत घेऊ नका. "नवा अनुवाद" असं लिहून नाव नसेल, तर मुळीच घेऊ नका.

माझं मत विचाराल तर जुना अनुवाद म्हणजे वाईट आणि नवा म्हणजे चांगला, असं मी मानत नाही. गार्नेटबाईंचं इंग्रजी मला अजूनही गोड लागतं. पण जुनं आवडणं वेगळं आणि कापलेलं न कळता गिळणं वेगळं.

## टप्पा ४: आता मतं वाचा, आणि त्यांचे तीन ढीग करा

कागदावर तीन रकाने पाडा. प्रत्येक मत कशाबद्दल आहे ते बघून रकान्यात टाका.

वस्तूबद्दलची मतं. अक्षर बारीक, पानं सुटली, कागद पिवळा, कोपरा दुमडून आला. ही फक्त त्याच प्रतीला लागू. ऑनलाइन विक्रीत पुष्कळदा एका शीर्षकाच्या सगळ्या आवृत्त्यांची मतं एकत्र ओतलेली असतात. कापडी बांधणीचं कौतुक वाचून तुम्ही पेपरबॅक मागवता आणि पानं हातात येतात, ते असं. म्हणून मताशेजारी आवृत्तीचा उल्लेख किंवा फोटो आहे का बघा. आयएसबीएन जुळला तर उत्तम. हा १३ अंकी क्रमांक (२००७ पूर्वी १० अंकी) कापडी, पेपरबॅक आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळा असतो.

संहितेबद्दलची मतं. "प्रकरणं गायब आहेत", "भाषा जड आहे", "टिपा उपयोगी आहेत", "छपाईच्या चुका फार". यातलं सोनं बहुधा दोन आणि तीन तारेवाल्यांकडे असतं. पाच तारे देणारा कथेवर भाळलेला असतो, एक तारा देणाऱ्याला कधी कधी पुस्तक पोचलेलंच नसतं. मधला माणूस तपशील देतो.

कथेबद्दलची मतं. ही शेवटी वाचा. "पात्रं आवडली नाहीत" हे मत कुठल्याही आवृत्तीला लागू पडतं, त्यामुळे आवृत्ती निवडायला ते निरुपयोगी.

काही वाक्यं मात्र दोन ढिगांच्या मध्ये लोंबकळतात. "रटाळ" हा शब्द त्यांतला पहिला. तो कथेबद्दल आहे की अनुवादाबद्दल? वाचकाने एखादं वाक्य उतरवून दिलं असेल तर कळतं. नाहीतर त्याने कुठे सोडलं ते बघा. दहाव्या पानावर सोडलं असेल तर भाषेचा अडसर असण्याची शक्यता जास्त. चारशेव्या पानावर सोडलं असेल, तर त्याने कथेला पुरेशी संधी दिली होती, त्याचं ऐका.

नेहमीची चूक: मतांची संख्या बघून भुलणं. फुकट मिळणाऱ्या जुन्या अनुवादाला सगळ्यात जास्त वाचक मिळतात, म्हणून सगळ्यात जास्त मतंही मिळतात. त्यावरून इतकंच कळतं की ते फुकट आहे.

## टप्पा ५: घेण्याआधी दहा मिनिटांची तपासणी

पुस्तक हातात असो की नमुना पानं पडद्यावर असोत, क्रम हाच ठेवा.

१. हक्कांचं पान. कोणत्या वर्षीच्या संहितेवर आधारित आहे, ते लिहिलंय का? 'संपूर्ण' किंवा 'असंक्षिप्त' हा शब्द आहे का?

२. अनुक्रमणिका. प्रकरणं मोजा. 'मोबी डिक'ची १३५ आणि वर उपसंहार. 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'ची ११७. 'ल मिझराब्ल'चे पाच भाग आणि एकूण ३६५ प्रकरणं. अनुक्रमणिकाच नसेल तर शेवटच्या प्रकरणाचा आकडा बघा.

३. शब्दांचा अंदाज. एका ओळीतले शब्द गुणिले पानावरच्या ओळी गुणिले पानं. समजा 'मोबी डिक'च्या प्रतीत ११ शब्द, ३६ ओळी आणि २५० पानं आहेत. हिशेब येतो ९९ हजार. मूळ इंग्रजी कादंबरी साधारण २ लाख १० हजार शब्दांची. म्हणजे अर्ध्याहून जास्त पुस्तक बाहेर राहिलं.

४. पहिलं आणि शेवटचं पान. कापाकापी बहुधा टोकांना होते: पत्र, अर्पणपत्रिका, उपसंहार.

५. मधलं एखादं पान मोठ्याने वाचा. इथे घाई नको. संवादाचं पान निवडा. नोकर आणि सरदार एकाच सुरात बोलत असतील, तर सातशे पानं तोच सूर ऐकायची तयारी आहे का, ते स्वतःला विचारा. दोन अनुवाद हाताशी असतील, तर दोन्हींतून तोच संवाद वाचा. वीस मतं वाचून जे कळत नाही, ते इथे दोन मिनिटांत कळतं.

६. शिवण. पुस्तक मधोमध उघडा. आतल्या समासात शब्द गिळले जात असतील, तर जाडजूड कादंबरी वाचताना मनगट भरून येईल.

ई-पुस्तकाला आणखी दोन गोष्टी बघा. टिपेच्या आकड्यावर बोट ठेवल्यावर टीप उघडते आणि परत येता येतं का? आणि मजकूर यंत्राने स्कॅन करून तसाच टाकलाय का? देवनागरीत 'ध' चा 'घ' आणि 'भ' चा 'म' झालेला दोन पानांत तीनदा दिसला, तर कुणी मुद्रितं तपासलेली नाहीत.

इशारा: ई-पुस्तकाच्या फुकट नमुन्यात बऱ्याचदा प्रस्तावनाच संपत नाही. त्या प्रस्तावनेची भाषा बघून अनुवाद चांगला ठरवू नका. ती वेगळ्याच माणसाने लिहिलेली असते.

## टप्पा ६: वाचनाचा क्रम

प्रस्तावना शेवटी वाचा. अभिजात कादंबऱ्यांच्या विद्वान प्रस्तावना वाचकाला कथा आधीच ठाऊक आहे असं धरून चालतात, आणि कोण मेलं, कुणाचं लग्न झालं ते तिसऱ्या पानावर सांगून मोकळ्या होतात. लेखकाची स्वतःची छोटी प्रस्तावना किंवा अनुवादकाचं मनोगत आधी वाचायला हरकत नाही. मागच्या मलपृष्ठापासूनही जपून.

टिपा पहिल्या वाचनात अडेल तिथेच बघा.

## टप्पा ७: आपलं मत लिहिताना

इथवर आलात तर आता पुढच्या वाचकासाठी थोडं काम करा. कथेबद्दल लिहिण्याआधी वरती एक ओळ टाका: संहितेचं वर्ष, अनुवादक, संपूर्ण की संक्षिप्त, छापील की ई-पुस्तक की ऐकलेलं. मग तीन ढीग वेगवेगळ्या परिच्छेदांत.

असं लिहू नका: "खूप गाजलेली पण निराशा झाली. छपाईही भिकार. दोन तारे."

असं लिहा: "'फ्रँकेन्स्टाइन', १८३१ ची संहिता, पेपरबॅक, टिपा नाहीत. अक्षर बारीक, मागच्या पानाची शाई पुढे दिसते. कथेत मधला, राक्षस स्वतः बोलतो तो भाग सर्वांत आवडला. सुरुवातीची पत्रं मला लांबली असं वाटलं. १८१८ ची संहिता वाचलेली नाही." दोन वाक्यं जास्त लागतात, पण ही प्रत घ्यायची की नाही ते वाचणाऱ्याला ठरवता येतं.

तारे देताना पंचाईत होते, कारण तारे एकच आणि गोष्टी तीन. मी तारे कथेला देतो आणि प्रत फाटकी असेल तर ते शब्दांत लिहितो. उलट केलं तरी चालेल, फक्त काय केलंय ते सांगा.

पूर्वी दिलेली मतंही एकदा उघडून बघा. त्या वेळी हातात कोणती प्रत होती हे आठवत असेल, तर वरती ती ओळ जोडा. आठवत नसेल तर तसं लिहा. व्हर्नबद्दलचं माझं जुनं मत मी पुसलं नाही. त्याच्या वर फक्त इतकं लिहिलं: "हे मर्सियरच्या अनुवादाबद्दल आहे."